चौदा महिने जगलेलं समुद्रफूल

हीटर बंद पडला याचा मला राग आला नव्हता. यंत्र आहे, आज ना उद्या बंद पडायचंच. राग आला तो ज्याने विकला त्याचा, आणि तो आज इतक्या वर्षांनीही तसाच आहे. वय झालं की माणूस सगळं सोडून देतो म्हणतात. मी नाही सोडलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, इगतपुरीला रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचे कामगार होते. शिक्षण सही करण्यापुरतं. आई गेली, पुढच्याच वर्षी दादा रिटायर झाले आणि माझ्याकडे राहायला आले. अंबडला कारखाने येत होते, त्याच बाजूला नवीन वसाहत उठत होती. तिथे दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. घरमालकाने विचारलं होतं, नावावर कोणाच्या? मी म्हटलं, माझ्या.

पुढच्या खोलीत, लोक जिथे शोकेस ठेवतात तिथे, दोन फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्राचं पाणी. रंगीत मासे तेव्हा अर्धं नाशिक पाळायचं, पण ते गोड्या पाण्यातले. बरणीत ठेवले तरी जगतात. खाऱ्या पाण्याची टाकी मी नाशकात दुसरीकडे कुठे पाहिली नाही. असेल तर असो, मला माहीत नाही.

ती टाकी कशी आली ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा संताप तिथूनच निघालेला आहे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला नाशिकच्या आमच्या कॉलेजची सहल मुंबईच्या किनाऱ्यावर गेली होती. ओहोटीची वेळ. खडकांत पाण्याची डबकी साचलेली आणि एका डबक्यात मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रफूल पाहिलं. नावाला फूल, पण तो प्राणी. दगडाला पाय रोवून बसतो आणि डोक्यावरची बोटं पाण्यात पसरून खाणं पकडतो. मी माझं बोट पुढे केलं तर त्याने धरलं. तान्हं मूल धरतं तितक्याच जोराने. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. बाकीच्या मुली फोटो काढत होत्या.

मी आमच्या प्राध्यापकांना विचारलं, "सर, हे नाशिकला जिवंत ठेवता येईल?"

सर हसले. "नाशिकला? बरणीत ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये. शंभर वर्षं राहील." मुली हसल्या. मग मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही लोकांनी परीक्षेपुरतं पाहावं, मार्क घ्यावेत, नोकरीला लागावं. हे शौक तुमचे नव्हेत."

तुम्ही लोक म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. माझा स्कॉलरशिपचा फॉर्म दर वर्षी त्यांच्याच सहीने पुढे जायचा.

नोकरी लागली, पगार हातात आला आणि मी टाकी बांधली. काचा कापून आणल्या, सिलिकॉनने जोडल्या, तीन वेळा गळली, चौथ्यांदा टिकली. तळाशी वाळू, वाळूखाली भोकं पाडलेली प्लॅस्टिकची जाळी, हवेचा पंप. त्या पंपातला रबरी पडदा दर दोन महिन्यांनी फाटायचा. बाजारात पडदा मिळत नसे, म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने कापून बसवायची. पाणी दादा आणायचे. रेल्वेचा पास होता. मुंबईच्या टोकाला खडकांवर भरती चढली की कमरेएवढ्या पाण्यात उतरून तेलाचे दोन मोठे प्लॅस्टिकचे कॅन भरायचे आणि पॅसेंजरने परत. डब्यातले लोक विचारायचे, कसलं तेल? दादा म्हणायचे, "समुद्र हाय. पोरीला लागतो."

समुद्रफूल मीच आणलं, एका दिवाळीच्या सुट्टीत, दगडासकट. सोबत दोन पट्टेरी मासे आणि शंखात राहणारे चार छोटे खेकडे. ती दिवाळी गेली, नंतरची दिवाळीही गेली. चौदा महिने झाले. मी सरांना पोस्टकार्ड टाकलं. "समुद्रफूल नाशिकला चौदा महिने जिवंत आहे. सवडीने येऊन पाहावे." तेवढंच. खाली नावापुढे बी.एस्सी. लिहिलं.

मला वाटलं, उत्तर येणार नाही. आलं. देवळाली कॅम्पला बहिणीकडे जायचं आहे, रविवारी संध्याकाळी चारच्या सुमारास डोकावीन. समुद्रफूल तेव्हा उमललेलं असायला हवं होतं. मला सरांकडून शाबासकी नको होती. त्यांनी ते फक्त पाहावं आणि त्यांना काही बोलता येऊ नये, एवढंच हवं होतं.

आणि त्याच आठवड्याच्या बुधवारी हीटर गेला.

जानेवारी होता. नाशिकचा जानेवारी ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. द्राक्षवाले बागांतून शेकोट्या पेटवतात. पहाटे आमच्या खोलीत पारा चौदावर यायचा आणि टाकीतल्या जिवांना पंचवीस लागायचे. हीटर म्हणजे काचेची एक नळी, आत वाळू, वाळूत तारेचं वेटोळं, वर रबरी बूच. बुधवारी सकाळी मी काच आतून पुसायला पाण्यात हात घातला तर खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. प्लग ओढला. नळीत पाणी शिरलं होतं. बूच एका बाजूने उभं चिरलेलं. हा नवीन घेऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

शाळा सुटल्यावर तशीच दुकानात गेले. दुकान मेनरोडच्या मागच्या गल्लीत होतं, पिंजरे, पोपट, माशांच्या टाक्या, सगळं एकत्र. दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी हीटर काउंटरवर ठेवला.

"काय झालं ताई?"

"तुमचा हीटर गेला."

"माझा कुठला? विकला तेव्हाच तुमचा झाला."

गिऱ्हाइकं हसली. मी बूच दाखवलं. त्याने ते नखाने टोकरलं आणि म्हणाला, "पाण्याबाहेर चालू राहिला असणार. बायका प्लग काढायला विसरतात. इस्त्रीचं पण तेच."

"बूच चिरलंय. आत पाणी गेलंय. मला शॉक बसला. मेले असते मी."

"खाऱ्या पाण्यात घातला होता ना?"

"घेताना तीनदा सांगितलं होतं मी, खाऱ्या पाण्यासाठी हवाय. तुम्ही म्हणालात, वर्षभर बघायला नको."

"मला वाटलं मासे आजारी असतील, चिमूटभर मीठ टाकत असाल. अख्खा समुद्र घरात आणला असेल हे मला काय स्वप्न पडलंय?" पुन्हा हशा. मग अगदी मायेने म्हणाला, "घरी कोणी पुरुष माणूस असेल तर पाठवा. त्यांना समजावून सांगतो."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी बी.एस्सी. आहे. विद्युतधारा मी मुलांना शिकवते. तुम्ही काय शिकलात?"

तो खाली मान घालून बूच पुन्हा नळीत दाबत होता. म्हणाला, "मी? मी धंदा शिकलो."

तिथे मी हरले. राग त्याचाच जास्त आहे. त्याच्याकडे दुसरा एकच हीटर होता, त्याचंही बूच तसंच, दोन बोटांनी दाबलं तर भुगा पडला. दुसरा माल सोमवारी येईल म्हणाला. मी हीटर तिथेच टाकून आले. नंतर बसमध्ये वाटलं, आणायला हवा होता, काचेची नळी तरी कामाला आली असती.

घरी आले तर पारा वीसवर. समुद्रफुलाने बोटं अर्धी आत ओढली होती. दादा टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते, आजाऱ्याजवळ बसतात तसे.

"दिला का नवा?"

"नाही."

"मग आता?"

आता काय ते मी येतानाच ठरवलं होतं. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या मागून आणल्या, रबरी बुचासकट. त्यांत कढत पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि बाटली टाकीत सोडायची. पाण्याला ऊब मिळते, बाटलीतलं पाणी टाकीत मिसळत नाही. तासाभरात पारा दोन अंश चढला. मी दादांना थर्मामीटर दाखवला. आकडे बारीक होते म्हणून पंचवीसच्या खुणेवर लाल दोरा बांधला. "पारा दोऱ्याच्या खाली उतरला की बाटली बदलायची. वर गेला की काढून घ्यायची."

"बास?"

"बास."

गुरुवार असा निघाला. मी शाळेत, दादा टाकीजवळ. स्टोव्हवर पाणी, बाटल्या भर, बाटल्या काढ. संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांची बोटं पोळून लाल झाली होती, पण पारा दोऱ्यावर होता आणि समुद्रफूल पूर्ण उघडलेलं. मला त्या दुकानदाराला हाताला धरून आणून दाखवावंसं वाटलं.

शुक्रवारी आमच्या भागात सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नसायची. म्हणजे हवेचा पंपही बंद. निघता निघता मी दादांना आणखी एक काम सांगितलं. "मधूनमधून मगाने टाकीतलं पाणी काढायचं आणि वीतभर उंचीवरून परत सोडायचं. त्यात हवा मिसळते."

"च्या गार करत्यात तसं?"

"तसंच. पण हळू. वाळू उडवू नका."

"तू जा. उशीर व्हईल. म्या बघतो."

संध्याकाळी आले तेव्हा पारा बरोबर दोऱ्यावर आणि दादा खुशीत. "बाटल्यांनी लय वेळ जात व्हता. मग म्या युगत केली. भराभर चढला पारा."

मी विचारायला हवं होतं, कसली युक्ती. नाही विचारलं. चाचणीच्या वह्यांचा गठ्ठा तपासायचा होता, पाय दुखत होते, आणि पारा दोऱ्यावर होता. मी म्हटलं, "छान केलंत." माझ्या तोंडचे शब्द आहेत हे, म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळची शाळा. निघताना समुद्रफूल मिटलेलं दिसलं. मी म्हटलं, उजाडलंय आत्ता, थंडी आहे, उघडेल. एक वाजता परत आले. ते मिटलेलंही नव्हतं आणि उघडलेलंही नव्हतं. सैल पडलं होतं. तोंड आतून बाहेर आलेलं, अंगावर बुळबुळीत पापुद्रा. आणि चारांतले दोन खेकडे आपापले शंख सोडून उघडे वाळूवर पडले होते. शंखातला खेकडा शंख सोडतो म्हणजे त्याला आत मरण्यापेक्षा बाहेर मरणं परवडतं. मासे तेवढे फिरत होते.

पारा पंचवीस. वीज होती, पंप चालू होता. मी पाण्याचा वास घेतला, वाळूत बोट घातलं. काही कळेना. दुकानदाराला शिव्या घातल्या, मोठ्याने. त्या हीटरच्या वाळूत काहीतरी असणार, तेच झिरपलं असणार, असं म्हणत मी खोलीत फेऱ्या मारत होते.

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. म्हणाले, "ऊब कमी पडली का? थांब, आजून एक तपेलं तापवतो."

"तपेलं कशाला? बाटल्यांत भरा."

"बाटलीत नाय गं. तीच तर युगत. टाकीतलंच पानी काढायचं, तपेल्यात तापवायचं, आन् वरून सोडायचं. हवा बी मिसळती, ऊब बी येती. एका कामात दोन."

मी स्वयंपाकघरात गेले. स्टोव्हवर आईचं तपेलं होतं. अंघोळीचं पाणी तापवायचं, तांब्याचं. नाशिकच्या तांबट आळीतून आईने घेतलेलं, जाड पत्र्याचं. एरवी धुराने काळं असायचं. आज आतून बाहेरून लखलखत होतं.

"घासलंत?"

"मग? तुझ्या समुद्राचं पानी त्यात घालायचं, काजळी नको जायला. चिंच लावून घासलं. दोनदा."

मी तपेल्याच्या आतून बोट फिरवलं. तांबं. चिंचेने घासून वरचा थर काढलेलं कोरं तांबं, त्यात खारं पाणी, आणि खाली स्टोव्ह. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठरवून केलं असतं तरी इतकं चोख उतरलं नसतं. समुद्रफूल, खेकडे, असल्या जिवांना तांब्याचा अंश म्हणजे विष. हे मला माहीत होतं. खेकड्याच्या रक्तात स्वतःचं तांबं असतं, आणि तरी पाण्यातलं तांबं त्याला मारतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

मी ओरडले. "दादा, विष घातलंत तुम्ही पाण्यात! तांबं चालत नाही यांना!"

दादा माझ्याकडे बघत राहिले. "तांबं? विष?"

"हो, विष!"

"अगं, जल्मभर तांब्यातलं पानी प्यालो. तुझी आई तुला त्याच तपेल्यात न्हाऊ घालायची. तांब्याहून चोखट काय हाय?"

"माणसाला! यांना नाही!"

"मग हे तू सांगितलं व्हतंस?"

मी तपेलं स्टोव्हवरून उतरवलं.

"सांगितलं व्हतंस का?" त्यांचाही आवाज चढला होता. "त्या दुकानदाराला तीनदा सांगितलं म्हनतीस. मला येकदा तरी? बाटली बदला, पानी काढा, पानी सोडा. निस्ती हुकूम सोडती. शेडमधला फोरमन तरी सांगायचा, का."

मला त्यांचाही राग आला. खोटं कशाला सांगू? ते बरोबर बोलत होते म्हणून जास्तच आला. कोणाच्या अंगावर काढावा ते कळेना, तेव्हा ते तपेलं उचललं आणि मागच्या दारी भिरकावलं. ते देवळातल्या घंटेसारखं वाजलं. शेजारीण डोकावून गेली.

मग कामाला लागलो. बदलीसाठी ठेवलेलं एक कॅन पाणी शिल्लक होतं. प्लॅस्टिकची बादली धुतली, ते पाणी ओतलं, समुद्रफूल दगडासकट त्यात ठेवलं, बाजूला सलाइनची कोमट बाटली. उरलेले दोन खेकडे आणि मासे दुसऱ्या, काचेच्या भांड्यात. पण टाकीभर पाणी बदलायचं तर एवढ्याने काय होणार? मी हिशेब करत उभी होते तोवर दादांनी पॅन्ट चढवली होती आणि दोन रिकामे कॅन दोरीने बांधत होते.

"कुठे निघालात?"

"पानी आनतो. उद्या दुपारपस्तोर येतो."

"दादा, गुडघा—"

"गुडघा माझा हाय."

मी त्यांना थांबवलं नाही. जाऊ नका म्हणायला हवं होतं, साठी उलटलेला माणूस थंडीत रात्री कुठे पडणार, पहाटे समुद्रात कसा उतरणार. पण माझ्या मनात रविवार होता, चार वाजता येणारे सर होते. मी दार उघडून दिलं.

रविवारी दुपारी दोनला दादा आले. पॅन्ट मांड्यांपर्यंत ओली, दोन्ही कॅन गच्च भरलेले, ओठ काळेनिळे. आल्या आल्या बादलीजवळ गेले.

"उघडलं?"

"नाही."

त्यांनी चहाही घेतला नाही. आम्ही टाकीतलं पाणी उपसून टाकलं, वाळू निम्मी फेकली, नवं पाणी भरायला घेतलं. बोलणं म्हणजे कॅन उचलताना "धर" आणि "सोड" एवढंच.

चार वाजले आणि सर आले, अगदी वेळेवर. स्वेटर, हातात छत्रीसारख्या मुठीची काठी. त्यांनी टाकी पाहिली, अर्धी भरलेली, गढूळ. मग बादलीत वाकून पाहिलं. खिशातून पेन्सिल काढून समुद्रफुलाला टोचलं.

"हे मेलंय."

"मेलेलं नाही सर. दगड अजून सोडलेला नाही त्याने."

"सोडेल. मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, नाशिकला हे—"

"नाशिकने काही केलेलं नाही. शुक्रवारपर्यंत ठणठणीत होतं. पाण्यात तांबं गेलं."

"तांबं!" ते सरळ उभे राहिले. "खाऱ्या पाण्यात तांबं कोणी घातलं?"

"मी."

"तुम्ही? पदवीधर होऊन?"

तेवढ्यात मागून दादा म्हणाले, "तिनं नाय घातलं, सायेब. म्या घातलं. तिला म्हाईत बी नव्हतं."

सरांनी वळून दादांना पाहिलं. ओल्या पॅन्टपासून वर, खुंट वाढलेल्या दाढीपर्यंत. आणि मग माझ्याकडे बघून ते हसले. ते हसू मी विसरणार नाही. सहलीला हसले होते तसं ते नव्हतं. हे हसू मला जवळ घेणारं होतं. आपण दोघं शिकलेले, आता या असल्या माणसांचं काय करणार, असं. सहा वर्षांपूर्वी मला ज्या पंगतीतून उठवलं होतं, तिच्यात ते आता मला जागा करून देत होते, आणि पाट माझ्या बापाखालचा काढून देत होते.

मी म्हटलं, "सर, चौदा महिने या टाकीला लागलेलं सगळं पाणी यांनी आणलंय, मुंबईहून, स्वतः वाहून. आजचंही. यांनी आणलं नसतं तर ते चौदा दिवस जगलं नसतं. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये भिंतभर बरण्या आहेत. इतक्या वर्षांत त्यांतलं किती जिवंत राहिलं?"

"अहो, रागावता काय? मी तर काही बोललोसुद्धा नाही."

"बोलू नका."

ते थोडा वेळ उभे राहिले. बसा म्हणायची वाट पाहत असावेत. आमच्याकडे वैरी आला तरी चहाशिवाय जात नाही. त्या दिवशी गेला.

दार लोटलं तशी दादांनी माझ्यावर तोंड सोडलं. "मास्तरला आसं बोलत्यात?"

"मग काय करायला हवं होतं?"

"आन् खोटं का बोल्लीस? म्या केलं ते म्या केलं. तुझ्या पदराखाली लपायला म्या काय ल्हान हाय?"

"दादा, पाणी भरू द्या."

"भरू मग." त्यांनी खुर्ची ओढली आणि टाकीकडे पाठ करून माझ्यासमोर बसले. "आधी सांग. यास्नी काय काय चालत नाय, समदं सांग."

"आत्ता?"

"आत्ताच. मंगळवारी मला परत पानी आनाया जायचं हाय."

समुद्रफूल मंगळवारपर्यंत राहिलं नाही. सोमवारी सकाळी मी शाळेला निघताना त्याने दगड सोडला होता, बादलीच्या तळाशी आडवं पडलं होतं. एक खेकडा जगला. मासे पुढे तीन वर्षं होते. बूच नसलेला, सिलिकॉनने बंद केलेला हीटर मी स्वतः बनवला आणि तो एकदाही गळला नाही. त्या दुकानात पुन्हा पाय ठेवला नाही.

पण रविवारी संध्याकाळी ते अजून दगडाला धरून होतं, आणि मी रागातच, दातओठ खात, दादांना सांगायला लागले. तांबं नाही. पितळ नाही. जस्ताची बादली नाही. साबणाचा हात नाही. आगपेटीचा, उदबत्तीचा धूर नाही. कमी झालेलं पाणी भरताना मीठ नाही, कारण पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. प्रत्येक गोष्टीला दादा विचारायचे, "का?" आणि मला का ते सांगावं लागायचं. एकेक बोट मिटत ते मनाशी घोकत होते. दोन्ही हातांच्या मुठी झाल्या, तरी ते विचारतच होते.

"आन् ॲल्युमिनियम?"

मी थांबले. खूप आठवून पाहिलं. पुस्तकात नव्हतं, नोट्समध्ये नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग इचार कुनाला तरी," दादा म्हणाले. "पन त्या मास्तरला नको."